पुस्तक आवडले नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४६ वर्षांच्या असून सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करतात. विश्रामबाग परिसरात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दहा-बारा जणांचा वाचनकट्टा भरतो, तेथे त्या दीड वर्षापासून जातात. चार महिन्यांपूर्वी आवडत्या कादंबरीविषयी बोलताना त्यांनी ‘मृत्युंजय’चे नाव घेतले आणि ‘कोसला’ दोनदा हाती घेऊनही पुरी झाली नाही, हेही मोकळेपणाने सांगून टाकले. त्यावर कट्ट्यातील एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “दहावीत सगळ्यांनाच मृत्युंजय आवडते, पुढे वाचन वाढले की ते सुटते.” बाकीचे हसले. तेव्हापासून त्या कट्ट्यावर जातात, पण बोलत नाहीत. आता पुढच्या बैठकीत ‘ययाति’वर वीस मिनिटे बोलण्याची पाळी त्यांच्यावर आली आहे. एकोणिसाव्या वर्षी वडिलांनी हाती दिलेली ही कादंबरी तेव्हा त्यांना जीव की प्राण होती. आता पुन्हा वाचताना मात्र जागोजागी तिचा राग येतो. वडील आज हयात नाहीत. “खांडेकरांच्या गावात बसून आणि वडिलांच्या हातची प्रत समोर ठेवून, ही कादंबरी मला आता पटत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? एखाद्या जाणकाराने लिहिलेले वाचून तेच बोलू, आजारपणाचे निमित्त करू, की कट्टाच सोडून देऊ?” असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. “माझे मत चुकले तर?” असे तुम्ही लिहिले आहे. पतसंस्थेत दिवसभर खातेवह्या हाताळणाऱ्या माणसाला चूक म्हणजे काय हे नेमके ठाऊक असते. बेरीज चुकते, व्याजाची आकारणी चुकते, ठेवीची मुदत चुकीची पडते; चूक सापडली की तिच्याखाली रेघ मारता येते आणि ती दुरुस्तही करता येते. कादंबरीविषयी बोलतानाही अशा चुका होतात. ‘ययाति’तल्या शर्मिष्ठेच्या तोंडचे वाक्य देवयानीच्या नावावर घातले, न वाचलेल्या भागाविषयी वाचल्यासारखे बोलले, तर ती चूक आहे, आणि कोणी ती दाखवून दिली तर निमूट मान्य करावी. परंतु “हे वाचताना मला राग आला” हे वाक्य त्या जातीचे नाही. राग खरोखर आला असेल तर ते वाक्य खरे आहे. त्यापुढे विचारण्यासारखे एवढेच उरते की, तो राग कशाचा आला, कोणत्या पानावर आला, आणि तो कादंबरीवरचा होता की तिच्यामुळे आठवलेल्या आणखी कशावरचा.

लग्नापूर्वीची आणि नंतरची मिळून अकरा वर्षे मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या देवघेव विभागात काम केले. परत आलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक पाहायचा, चिठ्ठीवरची तारीख पाहायची, उशीर झाला असेल तर दंड घ्यायचा आणि पान फाटलेले नाही ना हे चाळून पाहायचे, हे माझे रोजचे काम होते. त्या चाळण्यात मला वाचकांची मते भेटत. पुस्तकात काही लिहू नये अशी पाटी भिंतीवर असूनही लोक शेवटच्या कोऱ्या पानावर लिहीत असत. एका गाजलेल्या कौटुंबिक कादंबरीच्या शेवटी निळ्या शाईत “अप्रतिम. डोळ्यांत पाणी आले” असे लिहिलेले होते. त्याखाली वेगळ्या हाताने, पेन्सिलीने, “पाणी कशासाठी? तिने एकदा तरी नाही म्हणायला हवे होते” असे होते. आणि त्याच्याही खाली, कोपऱ्यात, थरथरत्या बारीक अक्षरात एवढेच होते : “आमच्या वेळी नाही म्हणता येत नव्हते.” खोडरबर घेऊन मी ते पान पुसायला बसले होते, ते पुसवले नाही. हे तिघे एकमेकांना कधी भेटले नसणार. त्यांतल्या कोणाचे मत बरोबर आणि कोणाचे चूक, हे मला तेव्हाही ठरवता आले नाही आणि आजही येत नाही; पण त्या तीन ओळी एकाखाली एक वाचल्यावर ती कादंबरी मला आधी कळली होती त्यापेक्षा अधिक कळली, हे मात्र मी निश्चित सांगू शकते. तुमचा वाचनकट्टा म्हणजे असेच एक शेवटचे पान आहे, आणि गेले चार महिने त्यावर तुमची ओळ नाही.

तुमच्या पत्रामागे आणखी एक समजूत आहे, तिच्याविषयी सविस्तर बोलायला हवे. अभिजात कादंबऱ्या एका बाजूला आणि लोकप्रिय कादंबऱ्या दुसऱ्या बाजूला, अशी कायमची वाटणी झालेली आहे, आणि जाणता वाचक हळूहळू दुसरीकडून पहिलीकडे जातो, असे तुम्ही धरून चालला आहात. प्राध्यापकांच्या वाक्यातही तेच गृहीत होते, म्हणून ते तुम्हाला इतके लागले. पण आपल्या कादंबरीचा इतिहास ही वाटणी मान्य करत नाही. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आज कोणत्याही विद्यापीठात मराठी कादंबरीच्या पायाशी ठेवली जाते. ती वाचकांसमोर आली ती १८९० मध्ये सुरू झालेल्या एका साप्ताहिकातून, क्रमशः, आणि त्या साप्ताहिकाचे नाव ‘करमणूक’ होते. पुढच्या अंकात यमूचे काय होणार म्हणून टपालाची वाट पाहणारे वाचक आपण अभिजात काही वाचत आहोत अशा समजुतीने वाचत नव्हते. त्यांना यमूची काळजी वाटत होती. ती काळजी पिढ्यांमागून पिढ्यांना वाटत राहिली, म्हणून ते पुस्तक आज तेथे आहे.

आपल्या जिल्ह्यातलेच दुसरे उदाहरण देते, कारण ते मला फार बोलके वाटते. १९५९ या एकाच वर्षी दोन मराठी कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. एक ‘ययाति’, जिचे लेखक वि. स. खांडेकर १८९८ मध्ये सांगलीत जन्मले. दुसरी ‘फकिरा’, जिचे लेखक अण्णाभाऊ साठे १९२० मध्ये वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्मले. ‘ययाति’ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे खांडेकरांना १९७४ चे ज्ञानपीठ, मराठीतले पहिले, मिळाले. ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि वाचकही उदंड मिळाले, तरी अण्णाभाऊंचे नाव निघाले की लोकशाहीर हाच शब्द आधी यायचा, कादंबरीकार हा शब्द मागाहून, आणि तोही कष्टाने. आज ‘फकिरा’ गांभीर्याने अभ्यासली जाते. मधल्या वर्षांत पुस्तकातले एक अक्षरही बदललेले नाही, बदलले ते वाचणारे आणि बोलणारे. ज्यांना ‘फकिरा’ मोठी वाटत होती ते पंचक्रोशीतले वाचक जर कोणी हसेल म्हणून गप्प बसले असते, तर हा बदल किती लांबला असता, याचा विचार करा.

कोरेगावहून एका तरुणाचे पत्रही याच आठवड्यात आले आहे. रहस्यकथांशिवाय आपल्याला काहीच आवडत नाही, ही त्याची तक्रार. त्याला येथेच सांगते की, बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा पुस्तक शिरले. त्याने निर्धास्तपणे वाचावे, आणि एखादी रहस्यकथा मध्येच रटाळ का झाली, हे स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी. तो प्रश्न विचारणारा वाचक कोणत्याही पुस्तकापाशी उपरा ठरत नाही.

आता ‘मृत्युंजय’ आणि ‘कोसला’. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची, भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची. दोन्ही लेखकांनी त्या ऐन तरुणपणात लिहिल्या. माझे स्वतःचे मत विचाराल तर ‘मृत्युंजय’ची भाषा मला काही ठिकाणी फार अलंकारांनी लगडलेली वाटते. उपमेवर उपमा येते आणि प्रसंग तिच्याखाली दबतो. कर्णाला लेखकाने इतके जपले आहे की त्याच्या पदरी त्याचे स्वतःचे दोष पुरेसे राहत नाहीत, असेही मला वाटते. तरीही कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून एकच आयुष्य सांगण्याची ती रचना मला आजही बांधून ठेवते. धाकटा भाऊ शोण जेव्हा बोलतो तेव्हा कर्ण महारथी राहत नाही, घरातला दादा होतो, आणि त्या पानांवर मी दर वेळी रेंगाळते. हे मत तुमच्यासमोर अशासाठी ठेवले की, त्यातले काही तुम्हाला पटेल आणि काही पटणार नाही, पण तुम्हाला त्याच्याशी वाद घालता येईल. “दहावीत आवडते” या वाक्याशी वाद घालता येत नाही, कारण त्यात पुस्तकाविषयी एक शब्दही नाही. ते तुमच्या वयाविषयीचे वाक्य आहे. आवडीवर आक्षेप घ्यायचाच असेल तर तो इरावती कर्वे यांच्यासारखा घ्यावा. ‘युगान्त’मधला त्यांचा कर्णावरचा लेख काढून वाचा. कर्णाभोवतीचे सगळे वलय बाजूला सारून, मूळ महाभारताच्या आधाराने, त्या त्याला तपासतात. तो लेख वाचून तुमचे ‘मृत्युंजय’वरचे प्रेम ओसरेल असे मला वाटत नाही, मात्र त्या प्रेमाला स्वतःचे कारण शोधावे लागेल आणि ते शोधताना तुम्ही पुस्तकाच्या अधिक जवळ जाल.

‘कोसला’ पुरी झाली नाही याची तर तुम्ही इतकी खंत का करावी, हे मला समजत नाही. मीही ती पहिल्यांदा पन्नासेक पानांवर मिटली होती. पांडुरंग सांगवीकर सारखा “उदाहरणार्थ” आणि “वगैरे” म्हणत राहतो, काही घडत नाही, आणि घरची कामे उरकून रात्री साडेदहाला पुस्तक उघडणाऱ्या बाईला त्या वसतिगृहातल्या मुलांच्या रिकामपणाशी काय देणेघेणे, असे मला तेव्हा वाटले होते. काही वर्षांनी आमच्या घरात एक अकाली मृत्यू झाला. त्यानंतरच्या दिवसांत कोणीतरी मला त्या कादंबरीतला पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग वाचायला दिला. तेवढाच भाग मी चार वेळा वाचला, मग पुस्तक पहिल्यापासून घेतले. तेव्हा मला उमगले की, ते “वगैरे” म्हणजे मोठमोठ्या शब्दांवरचा विश्वास उडालेल्या मुलाने स्वतःला सावरण्यासाठी धरलेला खांब आहे. तुम्हाला हवे असल्यास तुम्हीही मनीच्या त्या भागापासून सुरुवात करून पाहा. तरीही नाही जमले, तर पुस्तक कपाटात ठेवा आणि कट्ट्यावर सांगा की, “मला ही कादंबरी आजवर दोनदा, या या पानापर्यंत, वाचवली, तिथून पुढे मला तिच्यात माझी जागा सापडली नाही.” हे प्रामाणिक मत आहे. त्यातला “आजवर” हा शब्द मात्र वगळू नका.

प्राध्यापकांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी राग आहे तसा आदरही आहे, आणि दोन्ही मला योग्य वाटतात. त्यांचे वाक्य लागणारेच होते आणि ते त्यांनी बोलायला नको होते. परंतु त्यांच्या वयाच्या अनेक वाचकांनी तरुणपणी ‘कोसला’ ज्या अवस्थेत वाचली ती अवस्था थोडी समजून घ्या. गावाकडून शहरात शिकायला गेलेल्या मुलांना आपण बोलतो तसे, आपल्याच घालमेलीविषयी, एका कादंबरीत छापलेले प्रथमच दिसले. त्याआधी त्यांनी वाचलेले नायक सुविचारांत बोलत असत. ज्याला एखाद्या पुस्तकाने असा मोकळा श्वास दिला, तो त्या पुस्तकाच्या बाजूने कधीकधी अन्याय करण्याइतका हट्टी होतो. तुम्ही ‘मृत्युंजय’च्या बाबतीत तितक्या हट्टी नाही, एवढाच काय तो फरक. म्हणून त्यांना उत्तर देण्याऐवजी एक प्रश्न विचारा, सगळ्यांसमोर, मनापासून : “सर, तुम्ही कोसला पहिल्यांदा कोठे आणि कोणत्या वयात वाचली?” माझा देवघेवीच्या खिडकीतला अनुभव असा की, हा प्रश्न विचारला की भलाभला अधिकारी वाचकही पुस्तकाविषयी निकाल देणे थांबवतो आणि आठवण सांगू लागतो. तेव्हा त्याच्याशी बोलता येते.

आता ‘ययाति’. तुम्ही लिहिता की, एकोणिसाव्या वर्षी तुम्हाला ययातीच्या दुःखाने रडू आले होते आणि शर्मिष्ठा देवीसारखी वाटली होती. यंदा वाचताना अलका या दासीचा जीव राजवाड्यात जातो तेथे तुम्ही थांबलात, आणि कथा तिला मागे टाकून पुढे निघाली याचा तुम्हाला संताप आला. शर्मिष्ठेचा त्याग वाचतानाही “सगळे हिनेच का सोसायचे?” असे तुमच्या मनात आले, आणि देवयानीचा हेकेखोरपणा लेखकाने जितका रंगवला तितका तिचा अपमान रंगवला नाही, असे वाटले. ताई, पत्रात याला तुम्ही “माझी चिडचिड” म्हटले आहे. मला तर हे या कादंबरीविषयी दीर्घकाळात वाचलेल्या चांगल्या मतांपैकी एक वाटले. त्यात पात्र आहे, जागा आहे, कारण आहे. फक्त त्याच्यापुढे आणखी एक पाऊल टाकून पाहा, असे मी सुचवीन.

अलका तुम्हाला कोठे भेटली? खांडेकरांच्याच पानांवर. महाभारताच्या आदिपर्वातल्या ययातीच्या कथेत मुख्य सूत्र शाप, वार्धक्य आणि पुत्राने दिलेले तारुण्य यांचे आहे. खांडेकरांनी तेवढे बीज घेऊन स्वतःची कादंबरी रचली, आणि राजाच्या विलासाची किंमत कोणी मोजली हे दाखवणाऱ्या जागा तिच्यात ठेवल्या. त्या जागी ते पुरेसे थांबले नाहीत, ही तुमची तक्रार न्याय्य आहे असे मला वाटते. परंतु ज्या लेखकावर तुम्ही रागावला आहात त्यानेच तो राग येण्यासाठी लागणारी सामग्री तुमच्या हाती दिली आहे, हेही तितकेच खरे आहे. शिवाय ही कथा त्यांनी एकट्या ययातीच्या तोंडी ठेवली नाही. देवयानी स्वतः ‘मी’ म्हणून बोलते, शर्मिष्ठा ‘मी’ म्हणून बोलते. १९५९ मध्ये पुराणातल्या दोन स्त्रियांना राजाच्या बरोबरीने स्वतःची बाजू मांडू देणारा लेखक, त्याच स्त्रियांपैकी एकीला त्यागाच्या चौकटीत बसवतो आणि दुसरीला अहंकाराच्या. हा ताण कादंबरीच्या आतच आहे. तुमच्या वीस मिनिटांपैकी दहा मिनिटे मी या ताणाला देईन. खांडेकर ध्येयवादी होते. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून जवळजवळ अठरा वर्षे शिकवणाऱ्या या शिक्षकाला संयम आणि त्याग ही मूल्ये पोटतिडकीने सांगायची होती. ती मूल्ये सांगताना त्यांचा भार कोणत्या पात्रांच्या खांद्यांवर पडला, हे विचारण्याचा अधिकार त्यांच्या जन्मगावातल्या वाचकाला इतर कोणाहून कमी नाही.

एकोणिसाव्या वर्षीचे तुमचे रडू मात्र खोटे ठरवू नका. तो पंधरवडा तुम्ही ज्या वेडाने वाचत होता, चुलीवर दूध उतू गेले तरी कळले नाही असे तुम्ही लिहिले आहे, त्या वेडाचाही उल्लेख भाषणात यायला हवा. “तेव्हा मी भोळी होते” असे म्हणून तो पुसून टाकलात, तर प्राध्यापकांनी तुमच्याविषयी जे केले तेच तुम्ही त्या मुलीविषयी कराल. एकाच वाचकाची एकाच पुस्तकाविषयी सत्तावीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन मते ही तुमच्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. ती कट्ट्यातल्या दुसऱ्या कोणाकडे असेलच असे नाही.

तुम्ही विचारलेल्या तीन वाटांविषयी माझे उत्तर आता तुमच्या ध्यानात आले असेल. आजारपणाचे निमित्त एक महिना पुरेल, त्यापुढच्या महिन्यात तुम्हाला पुन्हा तेच विचारले जाईल आणि मनावरचे ओझे मात्र दुप्पट झालेले असेल. जाणकाराचे मत उसने घेऊन बोलण्यात मला आणखी मोठा धोका दिसतो. उसने मत पहिल्याच प्रश्नाला उघडे पडते, कारण त्यामागचे वाचन आपले नसते. समीक्षा अवश्य वाचा. आपल्या सांगलीत तर म. द. हातकणंगलेकरांसारखे समीक्षक होऊन गेले, २००८ मध्ये येथेच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण स्वतःच्या चार ओळी कागदावर उतरल्याशिवाय समीक्षा उघडू नका. आधी समीक्षा वाचली की मग आपल्याला काय वाटले होते हेच आठवेनासे होते. राहिला कट्टा सोडण्याचा विचार. तुमचे मत ऐकून एखाद्याने हसणे हे कट्टा सोडण्याचे कारण होऊ शकते, ही गोष्ट मी नाकारत नाही. जेथे दर वेळी अपमान होतो तेथे जाऊच नये. पण तुम्ही एकाच प्रसंगाविषयी लिहिले आहे, आणि तुमच्या पत्रातून मला असे दिसते की, महिन्याचा तो शनिवार तुम्हाला हवा आहे. तेव्हा निदान हे एक भाषण होऊ द्या, आणि त्यानंतर ठरवा.

तयारीसाठी थोडेसे. पूर्ण भाषण लिहून काढू नका. वाचताना ज्या ठिकाणी मन थांबले, कंटाळले किंवा खवळले, अशा पाच-सहा जागांचे पान क्रमांक आणि त्यापुढे एकेक ओळ, एवढेच टिपण पुरे. त्यांतल्या दोन जागा कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवा, अर्धे-अर्धे पान, घाई न करता. कादंबरीचे शब्द खोलीत एकदा उच्चारले गेले की चर्चा हवेत जात नाही, ती त्या शब्दांपाशी राहते. “ही कादंबरी वाईट आहे” किंवा “थोर आहे” यांपैकी काहीच म्हणण्याची गरज पडणार नाही. “येथे मला असे वाटले, याचे कारण हे, तुम्हाला येथे काय वाटले?” इतके विचारून थांबा. आणि कट्ट्याच्या संयोजकांना, तुम्ही किंवा दुसरे कोणी, एक सुचवून पाहा की वयाने आणि अधिकाराने सर्वांत मोठ्या माणसाने सर्वांत शेवटी बोलावे. वाई, कराड, विटा, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) अशा ठिकाणी ज्या वाचकांचे असे छोटे गट आहेत त्यांनाही मी हे आग्रहाने सांगेन. जाणकार आधी बोलला की नवखा वाचक आपली ओळ गिळून टाकतो, हे मी फार वेळा पाहिले आहे.

आता तुमच्या वडिलांच्या प्रतीविषयी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी चढू लागले, “आयर्विनला किती फूट?”, म्हणजे आयर्विन पुलापाशी पाणी किती चढले, एवढा एकच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी होता, आणि गावभागातल्या तुमच्या माहेरच्या घरी तळमजल्यावरचे पुस्तकांचे कपाट पाण्याखाली गेले, असे तुम्ही लिहिले आहे. पाणी ओसरल्यावर चिखलातून जी सात-आठ पुस्तके हाताशी आली त्यांत ही प्रत होती. पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून तुम्ही ती विश्रामबागेतल्या घराच्या गच्चीवर, सावलीत, आठवडाभर वाळवलीत. तिची पाने आता फुगून लाटांसारखी झाली आहेत, बांधणीला दोरा बांधावा लागतो, आणि पहिल्या पानावर वडिलांनी शाईच्या पेनने लिहिलेली तुमच्या वाढदिवसाची ओळ पाण्यात विरघळून निळा डाग झाली आहे. त्या डागाविषयी तुम्ही अर्धे पान लिहिले आहे आणि ते वाचताना मला गलबलून आले.

पण त्याच परिच्छेदाच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही आणखी एक वाक्य लिहिले आहे, त्याच्याकडे तुमचेच लक्ष गेलेले दिसत नाही. “आत दोन ठिकाणी समासात त्यांनी पेन्सिलीने केलेली प्रश्नचिन्हे मात्र तशीच आहेत.” शाई पाण्यात गेली, पेन्सिल टिकली. ज्या माणसाने ही कादंबरी तुम्हाला दिली त्याने ती दोन प्रश्न विचारत वाचली होती, आणि ते प्रश्न न खोडता ती तुमच्या हाती ठेवली होती. पटत नाही असे म्हटल्याने त्यांचा अवमान होईल, ही तुमची भीती या दोन खुणांसमोर टिकते का, ते पाहा. एक खूण ययाति स्वतःच्या वागण्याचे समर्थन करतो त्या पानावर आहे, असे तुम्ही लिहिता. दुसरी कोठे आहे ते लिहिलेले नाही. बैठकीपूर्वी ते पान काढा, त्याच्या आधीचे आणि नंतरचे पानही वाचा, आणि त्यांना तेथे काय खटकले असेल याचा अंदाज करा. कट्ट्यावर जाताना नवी प्रत विकत घेऊ नका, हीच घेऊन जा, आणि बोलायला सुरुवात त्या दुसऱ्या खुणेच्या पानापासून करा. अलकेच्या पानावर तुमचीही एक खूण असू द्या. ती पेन्सिलीनेच करा.